पत्त्यांतला पत्ता

परदेशीं असलेला मुलगा एखाद्या मराठी लेखाचा दुवा पाठवितो; पण पत्त्यांत मराठी शब्दाऐवजीं टक्केचिन्हांची व रोमन अक्षर-अंकांची लांबच लांब माळ दिसते. घरांतील वडील मंडळी 'ही कांहीं तरी लबाडी आहे' असें म्हणून ती पुसून टाकतात. वास्तविक ती माळ नियमाला धरूनच झालेली असते.

महाजालावरील पत्ता ठराविक चिन्हांतच लिहावयाचा, असा दंडक आहे. टिम बर्नर्स-ली प्रभृति तिघांनीं २००५ सालीं तो आजच्या स्वरूपांत ग्रथित केला. रोमन अक्षरें, अंक व चार किरकोळ चिन्हें सर्वत्र निर्धास्तपणें चालतात. इतरांचें रूपांतर करतांना संगणकांतील प्रत्येक बाइटसाठीं एक टक्केचिन्ह व पुढें दोन खुणा लिहितात. मोकळ्या जागेचें %२० होतें. देवनागरी चिन्हास तीन बाइट लागत असल्यामुळें 'मराठी' या शब्दाचीं, काना-वेलांटी धरून, ५ चिन्हें ४५ होतात.

खरी अडचण एका पत्त्याच्या पोटांत दुसरा पत्ता घालतांना येते. परीक्षेचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यास ओळख पटविण्यासाठीं दुसऱ्या पानावर धाडतात, आणि परतीचा पत्ता त्या पानाच्या पत्त्यांतच लिहून देतात. संस्कृतांत दुसऱ्याचें बोलणें कोठें संपलें हें 'इति' सांगतो. येथें तें काम रूपांतर करतें. आंतल्या पत्त्यांतील & तसेंच राहिलें, तर त्यापुढील भाग बाहेरच्या पत्त्याचा समजला जातो. # तसेंच राहिलें, तर पुढील मजकूर सर्व्हरपर्यंत पोंचतच नाहीं. विद्यार्थ्याचा क्रमांक असा वाटेंत गळाला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशीं 'अर्ज सांपडत नाहीं' एवढेंच उत्तर हातीं येतें.

अतिदक्षताही तितकीच घातक. टक्केचिन्हाचें स्वतःचें रूपांतर %२५ आहे. म्हणून एकदां सिद्ध झालेल्या पत्त्यावर पुन्हां तोच संस्कार केला, कीं %२० चें %२५२० होतें आणि पान हरवतें. एका स्थळीं एक सूत्र एकदांच लागतें, हा वैयाकरणांचा संकेत येथें अवश्य स्मरावा.

तेव्हां हें काम करणाऱ्या तरुणांनीं आंतल्या पत्त्याचेंच रूपांतर करावें, जोडण्यापूर्वीं करावें आणि एकदांच करावें. इतरांनीं माळ पाहून भिऊं नये. मात्र आरंभींचें स्थळनाम ओळखीचें आहे ना, हें आधीं पाहावें. आणि दुवा उघडल्यावर आपण कोठें येऊन पोंचलों, हेंही पाहावें. पोटांतला पत्ता भलतीकडेही नेऊं शकतो.