लिपीचे आयुष्य दफ्तर ठरविते

गोव्यातील पाळी, वेळगे, कोठंबी या आमच्या बाजूच्या डोंगरांतील लोहखनिज प्रथम जपानला आणि पुढे मुख्यतः चीनला, मांडवीतील बार्जींतून आणि मुरगावच्या जहाजांतून, इतकी वर्षे जात राहिले की २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत चीनमधील पोलादाचा भाव हा डिचोली तालुक्यातील ट्रकमालकांच्या नित्याच्या बोलण्याचा विषय होऊन गेला होता. ज्या देशाशी व्यवहार एवढा निकटचा, त्या देशाच्या लेखनाविषयी मात्र आपले ज्ञान ‘चिनी लोक चित्रे काढून लिहितात’ या एका वाक्यापलीकडे सहसा जात नाही. आणि त्या वाक्याच्या पाठोपाठ, एवढी अवजड लिपी त्या लोकांनी टाकून कशी दिली नाही, हा प्रश्न आपण काहीशा आढ्यतेनेच विचारतो. माझे म्हणणे असे की हाच प्रश्न उलटा करून आपण स्वतःला विचारावयास हवा: आपल्या सुटसुटीत लिप्या आपण इतक्या सहज कशा गमावल्या?

चित्रांची समजूत सर्वस्वी निराधार नाही. सूर्य, चंद्र, वृक्ष, पर्वत यांची चिन्हे मुळात आकृतीच होत्या, आणि दोन वृक्ष शेजारी मांडून राई, तीन मांडून अरण्य दर्शविण्याची रीत आजही त्या अक्षरांत दिसते. परंतु चित्रांनी राज्याचा कारभार चालत नाही, हे चिनी लेखकांच्या फार लवकर ध्यानात आले. ‘आई’ या अर्थाचे अक्षर त्यांनी स्त्रीचे चिन्ह आणि घोड्याचे चिन्ह जोडून केले; त्यात अश्वाचा संबंध केवळ ध्वनीपुरता, कारण घोड्यालाही त्यांच्या भाषेत, निराळ्या स्वरात का होईना, ‘मा’ असेच म्हणतात. एक अवयव अर्थाची दिशा दाखवितो आणि दुसरा उच्चाराची. चिनी अक्षरांपैकी चार पंचमांशांहून अधिक या जातीची आहेत. तेव्हा ही लिपी चित्रांची खरी, पण त्याहून अधिक ध्वनींची आहे. इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन या पंडिताने ९,३५३ अक्षरे ५४० वर्गांत लावून त्यांची व्युत्पत्ती सांगणारा कोश रचला, आणि १७१६ साली बादशहा खांगशीच्या हुकुमाने सिद्ध झालेल्या कोशात ती संख्या ४७,०३५ वर गेली. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्यांतील तीनचार हजार पुरतात.

या अक्षरांच्या जन्माची कथा चिनी पुराणांत मोठी रम्य आहे. चार डोळ्यांच्या त्सांग-च्ये नावाच्या अधिकाऱ्याने पक्ष्यांच्या पाऊलखुणा पाहून अक्षरे निर्मिली, तेव्हा आकाशातून धान्य बरसले आणि रात्री पिशाच्चे रडली. पिशाच्चे का रडावीत, याचे कारण एका प्राचीन भाष्यकाराने दिले आहे: आता आपल्यावर लेखी आरोपपत्र येणार, या धास्तीने! आपल्याकडे गणपतीने व्यासांचा लेखनिक होताना अटी घातल्या, पण तेथेही विषय महाकाव्याचा होता; चिन्यांच्या कथेत अक्षर जन्मास येते तेच मुळी दस्तऐवज म्हणून. इतिहासानेही या कथेची एका अर्थी साक्ष दिली. १८९९ साली पेकिंगमधील वांग यी-रुंग या विद्वान अधिकाऱ्याच्या नजरेस, औषधासाठी ‘नागास्थी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या हाडांवर कोरलेली अक्षरे आली. पुढे १९२८ पासून आन्-यांग येथे पद्धतशीर उत्खनन होऊन ती शांग राजांच्या दरबारातील, सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची, ठरली. पाऊस पडेल काय, शिकार साधेल काय, राणीची प्रसूती सुखरूप होईल काय, राजाची दाढदुखी कोणत्या पितराच्या कोपाने उद्भवली, असे प्रश्न बैलाच्या खांद्याच्या हाडावर किंवा कासवाच्या कवचावर विचारून, प्रश्नाचा दिवस व विचारणाऱ्याचे नाव त्याच हाडावर नोंदून ठेवीत. चीनमधील उपलब्ध लेखनांतले हे सर्वांत जुने प्रकरण म्हणजे एका दरबाराचे दफ्तरच होय.

पुढील विकासाचे श्रेयही कवींपेक्षा कारकुनांकडेच अधिक जाते. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन घराण्याने सारा मुलूख एका अंमलाखाली आणला, तेव्हा प्रधान ली स याने राज्याराज्यांतील भिन्न वळणे रद्द करून एक प्रमाण वळण लावून दिले. परंतु ते डौलदार, गोलाईदार वळण रोजच्या टपालाला परवडेना, म्हणून बांबूच्या पट्ट्यांवर कुंचल्याने भराभर लिहिणाऱ्या कचेरीतील माणसांनी गोल रेषा मोडून सरळ केल्या, आणि त्या कारकुनी वळणातूनच आजचे छापील अक्षर उतरले. मराठी वाचकाला येथे मोडीची आठवण न झाली तरच नवल. आपल्या कारकुनांनी बोरू उचलावा लागू नये म्हणून सरळ अक्षरे गोल केली, त्यांच्या कारकुनांनी कुंचला अडू नये म्हणून गोल अक्षरे सरळ केली. दिशा उलट, गरज एकच. दोन्हीकडे परंपरेने हे पुष्कळ हातांचे काम एकेका व्यक्तीच्या नावावर घातले आहे, ते मात्र सारख्याच अविश्वसनीय तपशिलाने: तिकडे चेंग म्याओ नावाच्या कैद्याने म्हणे तुरुंगात बसून ते वळण रचले, आणि इकडे हेमाडपंताने म्हणे मोडी लंकेहून आणली.

आता गोव्याकडे वळतो, कारण या सर्व प्रकरणाचे मर्म मला गोव्याच्या एका योगायोगात दिसते. १५७८ साली मात्तेओ रिची हा इटालियन जेझुइट गोव्यात उतरला, सेंट पॉल कॉलेजात त्याने अध्ययन केले आणि १५८२ मध्ये तो मकावला गेला. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत येथेच राहिला. संघ एक, हेतू एक, बुद्धिमत्ताही तोलामोलाची. रिचीने चिनी अक्षरे आत्मसात केली आणि पेकिंगमध्ये राहून चिनी भाषेत, चिनी अक्षरांत ग्रंथ लिहिले, ते तेथल्या कारागिरांनी लाकडी ठशांवर कोरून छापले. स्टीफन्सने मराठीत क्रिस्तपुराण रचले, त्यात आपल्या भाषेचे गौरवगान केले, आणि १६१६ मध्ये रायतूर येथे ते छापले ते मात्र रोमन अक्षरांत.

स्टीफन्सला हे रुचले असावे असे वाटत नाही. १६०८ साली रोममधील आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्याने, मलबारात छापतात तशी येथील लोकांच्या लिपीतील पुस्तके छापण्याची इच्छा अनेक वर्षे मनात असल्याचे सांगून, युरोपातील चोवीस अक्षरांऐवजी येथे सुमारे सहाशे ठसे ओतावे लागतील ही अडचण पुढे मांडली. सहाशे ठसे! चीनमध्ये अकराव्या शतकातच बी शेंगने मातीचे सुटे ठसे केले होते, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस वांग चेन या अधिकाऱ्याने साठ हजारांहून अधिक लाकडी ठसे तयार करवून फिरत्या मेजांवर त्यांची मांडणी केली. साठ हजारांचा भार जेथे पेलला गेला तेथे लिपी टिकली. सहाशेंचा भार जेथे जड वाटला तेथे ती छापखान्याच्या दाराशीच अडली, आणि तेही भारतातील पहिला छापखाना १५५६ साली याच गोव्यात येऊन पोहोचला असता. तेव्हा अडचण संख्येची नव्हती. पेकिंगमध्ये दफ्तर चिनी अधिकाऱ्यांच्या हाती होते, म्हणून परकीय पाहुण्याला त्यांची लिपी शिकणे भाग पडले. गोव्यात दफ्तर पोर्तुगीजांचे होते. पुढे १६८४ साली तर व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषाच सोडावी असा हुकूम काढला.

या तर्काची कसोटी पाहावयाची तर व्हिएतनामकडे पाहावे. तेथेही शतकानुशतके चिनी अक्षरांचाच व्यवहार होता. जेझुइट आलेक्सांद्र द रोद याने, जो त्याआधी गोव्यातही राहून गेला होता, तेथील भाषेचा रोमन अक्षरांतील कोश १६५१ साली रोममध्ये छापला. तरी पुढची दोनशे वर्षे त्या अक्षरांना चर्चच्या बाहेर कोणी विचारले नाही. फ्रेंचांचा अंमल बसला, कचेऱ्या आणि शाळा त्यांच्या हाती गेल्या, १९१९ मध्ये चिनी अक्षरांतील राजपरीक्षा बंद झाली, आणि तीनचार पिढ्यांत साऱ्या देशाचे लेखन पालटले. चीनमध्येही विसाव्या शतकात अक्षरे टाकून द्या अशी मागणी मोठमोठ्या विद्वानांनी केली. सरकारने १९५६ मध्ये अनेक अक्षरे सोपी केली, १९५८ मध्ये शाळकरी मुलांना उच्चार शिकविण्यासाठी रोमन पद्धती स्वीकारली, पण अक्षरे दफ्तरातून हलविली नाहीत. आज तेथील मुले दूरध्वनीवर रोमन अक्षरे दाबतात आणि पडद्यावर चिनी अक्षरे उमटवितात. जुनी, न सोपी केलेली अक्षरे वापरणारा तैवानही साक्षरतेत कोठे मागे नाही, त्यामुळे लिपीच्या काठिण्यावर निरक्षरतेचे खापर फोडणे आता कोणालाही शोभणार नाही.

आमच्या डिचोली, पेडणे, सत्तरी या महालांत हाच इतिहास छोट्या प्रमाणावर घडला आहे. पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, म्हणजे जुन्या काबिजातींत, गावकऱ्यांची दफ्तरे एके काळी गोयकानडीत लिहिली जात. ती लिपी आज वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. नंतर जिंकलेल्या नव्या काबिजातींतील आमचे हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, म्हणून येथील सनदा, कौल, देवस्थानांचे जमाखर्च मोडीत झाले. मोडीला पोर्तुगीजांनी मारले असे म्हणण्याची सोय नाही. खुद्द मुंबई इलाख्यात, मराठी माणसांच्या डोळ्यांदेखत, १९१७ च्या सुमारास सरकारने बाळबोधीला पसंती दिली, पुढे शाळांतूनही मोडी गेली, आणि कोणी फारसे हळहळले नाही. बाळबोध वाचायला सोपी हे खरेच. पण सोपी लिपी आली म्हणून जुनी लिपी वाचणारेही संपावेत, असा नियम कोणी केला होता?

या महालांतील एकाच माणसाचे उदाहरण देतो. सत्तरीतील पिसुर्ले येथे १८९४ साली जन्मलेल्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरखान्याचा कारभार तीन दशके सांभाळून, पोर्तुगीज आणि मराठी कागद एकमेकांसमोर ठेवून, मराठ्यांच्या व पोर्तुगीजांच्या संबंधांचा इतिहास उलगडला. दोन्ही बाजूंचे कागद ज्याला मुळातून वाचता येतात, त्यालाच दोन्ही बाजू तोलता येतात. कोंकणी-मराठीच्या, देवनागरी-रोमीच्या वादात गेली चाळीस वर्षे आपण जेवढी शाई खर्चिली, तिच्या शतांशाने जरी मोडी आणि गोयकानडी शिकविण्याची व्यवस्था झाली असती तरी प्रत्येक तालुक्यात कागद वाचणारी पाचपंचवीस तरुण मुले आज आढळली असती. रोमीत लिहिणाऱ्यांशी माझे भांडण नाही. त्या लिपीतही गोमंतकीयांचे चारशे वर्षांचे जीवन साठलेले आहे, आणि ती वाचणेही या अभ्यासाचाच भाग मानले पाहिजे.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. गोवा विद्यापीठाने आणि पुराभिलेख खात्याने मोडी व गोयकानडी वाचनाचे वर्ग पणजीपुरते न ठेवता डिचोली, पेडणे, वाळपई येथील शाळांच्या इमारतींत, सुट्टीच्या दिवशी, भरवावेत, आणि ते पुरे करणाऱ्यांना दफ्तरखान्यात काही काम द्यावे. कारण ज्या विद्येला कचेरीत किंमत नाही ती कोणी शिकत नाही, हे चीनच्या तीन हजार वर्षांवरून दिसतेच. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या कागदांची गाठोडी आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्याच्या आत ती खाली उतरवून उन्हाची ऊब द्यावी, वाचता येत नाहीत म्हणून जाळू नयेत, आणि त्यांची छायाचित्रे काढून एक प्रत पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे रुजू करावी.