अर्धा उपचार पुरे नव्हे

एचआयव्हीची बाधा झाली की माणसाचे दिवस भरले, ही समजूत खोटी ठरून आता बराच काळ लोटला. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने या रोगावरील औषधे विनामूल्य देण्यास प्रारंभ केला आणि ज्यांच्या आयुष्याचे महिने मोजले जात होते, अशी कितीतरी माणसे पुन्हा संसाराला लागली. या यशाचे श्रेय सरकारला देण्यात आम्ही कृपणता करणार नाही. परंतु ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणूही आहे, त्यांच्यापुरते हे यश अर्धवटच म्हटले पाहिजे.

दूषित सुई ज्याला एक विषाणू देते, त्याला पुष्कळदा दुसराही देते. जगातील एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे २३ लक्ष लोकांना हिपॅटायटिस सीचा संसर्ग केव्हा ना केव्हा झालेला आहे, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली दिला होता. त्यांत निम्म्याहून अधिक सुईवाटे मादक द्रव्ये घेणारे होते. ब्रह्मदेशाच्या सीमेवरून आलेल्या हेरॉईनने १९९० च्या सुमारास मणिपूरमधील तरुणांची काय दशा केली, हे सर्वश्रुत आहे. पण हे ईशान्येचे दुखणे म्हणून पुण्या-मुंबईच्या वाचकाने हात झटकू नयेत. २००१ पर्यंत रक्तपेढ्यांतील रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची नव्हती आणि थॅलॅसेमियाच्या मुलांना तर रक्तावाचून गत्यंतरच नसते.

हा विषाणू वीस-तीस वर्षे मुकाट्याने यकृत पोखरतो. एचआयव्हीची जोड मिळाली की त्याचा वेग वाढतो. म्हणजे औषधांनी जे आयुष्य वाढविले, त्याच आयुष्यात यकृत निकामी होण्यास अवसर मिळतो! पूर्वी यावर इंटरफेरॉनची इंजेक्शने वर्षभर घ्यावी लागत. यातना फार, गुण थोडा, आणि दुहेरी बाधितांस तर त्याहूनही थोडा. आज बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी या विषाणूतून मुक्त होतात आणि एचआयव्ही असला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. मात्र सिरॉसिस झालेल्या यकृतास विषाणू गेल्यावरही कर्करोगाचे भय उरते. अशा रोग्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावयास हवी.

२८ जुलै २०१८ रोजी आरंभिलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. मग अडते कोठे? सरकारदप्तरी एड्स हे एक खाते आणि कावीळ हे दुसरे. रोग्याचे शरीर मात्र एकच! मजुरी बुडवून एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्रावर हेलपाटे घालणारा रोगी मध्येच गळाला, तर दोष त्याच्या माथी मारणे सोपे असते. ‘हा पुन्हा सुई टोचून घेणारच, याच्यावर औषध कशाला दवडा?’ असा विचार कोणा डॉक्टरच्या मनात येत असेल, तर आमच्या मते तो वैद्यकाच्या धर्मास सोडून आहे. अशांस औषधाबरोबर स्वच्छ सुई आणि व्यसनावरील उपचारही दिला पाहिजे.

एचआयव्हीच्या प्रत्येक उपचारकेंद्रावर प्रत्येक रोग्याची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी व्हावी आणि गोळ्याही त्याच खिडकीतून मिळाव्यात. राज्य सरकारने किती जणांची तपासणी झाली, किती जणांनी उपचार पुरा केला व किती जण मध्येच सुटले, याचे आकडे दर सहा महिन्यांनी जिल्हावार प्रसिद्ध करावेत, अशी आमची मागणी आहे.