हलशीचे दानपत्र

आपल्या सीमाभागातील शेतकरी जैन बहुतांशी दिगंबर. व्यापारानिमित्त आलेले गुजराती-मारवाडी जैन बहुधा श्वेतांबर. चोवीस तीर्थंकर दोघांचे तेच, तत्त्वार्थसूत्रही दोघांस मान्य. तरीही भेद वरवरचा नाही. स्त्रीजन्मातून थेट मोक्ष नाही, असे दिगंबर मानतात. श्वेतांबरांच्या मते एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही स्त्रीच होती. केवलज्ञानी आहार घेतो काय, यावरही एकमत नाही.

याच मातीत एके काळी यापनीय संघ नांदला. त्याचे मुनी दिगंबरांप्रमाणे नग्न राहत, परंतु स्त्रीमोक्ष श्वेतांबरांप्रमाणे मानीत. पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्मा याने खानापूर तालुक्यातील हलशी येथे जिनालय उभारून यापनीय, निर्ग्रंथ व कूर्चक या तिन्ही संघांना एकाच दानपत्राने भूमी दिली. सदलग्याचे सुपुत्र डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी या लुप्त संघाचा साक्षेपाने अभ्यास केला.

भेद झाकल्याने सलोखा होतो, असे आम्हांस वाटत नाही. दिगंबर घरी श्वेतांबर सून आली, तर तिची मल्ली स्त्रीच राहू द्यावी. मते निराळी ठेवून एका दानाचे वाटेकरी होणे हलशीस साधले. ते एका उंबरठ्याआड का साधू नये?