मैत्रीसंघ, वारली चित्र आणि समीक्षेची सोय

मराठी समीक्षेत एक भेद फारशी चिकित्सा न होता रूढ झाला आहे. दोन देशांमधील मैत्री वाढविण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थांचा वाङ्मयीन व्यवहार म्हणजे प्रचार. संग्रहालये आणि कलादालने यांच्याद्वारे होणारी देवाणघेवाण म्हणजे शुद्ध कला. पहिल्या कोटीत ‘इस्कस’ या नावाने ओळखली जाणारी भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संस्था टाकली जाते, आणि तिच्यामार्फत 1961 साली घडलेल्या प्रवासातून निर्माण झालेले अण्णा भाऊ साठे यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तकही. दुसऱ्या कोटीत आशागड, गंजाड या डहाणू तालुक्यातील गावांच्या परिसरातून जगभर गेलेले वारली चित्र येते. हा भेद मुळातच तपासून पाहण्याजोगा आहे.

मैत्रीसंघांची वाचनपद्धती ढोबळ होती, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रत्येक संहितेत श्रमिकाचा जयघोष ऐकण्याची तिला सवय होती, आणि 1991 साली सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर तिची खिल्ली उडविणे फारच सोपे झाले. परंतु वारली चित्राचे जागतिक वाचन विचारसरणीमुक्त आहे, असे मानणे हा भाबडेपणा होय. जिव्या सोमा मशे यांची चित्रे 1989 साली पॅरिसच्या ‘मॅजिसिअँ द ला तेर’ या प्रदर्शनात होती. जपानमधील तोकामाचीच्या मिथिला संग्रहालयाने वारली चित्रे संग्रहित केली आणि चित्रकारांना तेथे पाचारण केले. या सर्व व्यवहारात चित्राभोवती फिरणारी विशेषणे ठरलेली असतात : आदिम, कालातीत, निसर्गाशी एकरूप.

या कालातीततेला बळी पडतो तो इतिहास. याच पट्ट्यात, 1945 साली, वेठबिगार आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारली उभे राहिले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाला 1972 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो याच उठावाच्या कथनासाठी. ग्रंथ मराठीच्या अभ्यासक्रमात आणि चित्र पर्यटनाच्या पत्रकात, अशी वाटणी समीक्षेने निमूटपणे स्वीकारली. शिवाय लग्नप्रसंगी भिंतीवर देवचौक लिहिणाऱ्या सवाशिणी आणि धवलेरीची गाणी हे त्या चित्राचे मूळ अनुष्ठान होते. भास्कर कुलकर्णी यांनी 1970च्या दशकात कागद पुरविला आणि चित्र बाजारयोग्य झाले, तेव्हा ती स्त्री आणि तिचे गाणे दोन्ही चौकटीबाहेर राहिले. ‘कालातीत’ म्हणून गौरविले जाणारे कागदावरील वारली चित्र अवघ्या पन्नास वर्षांचे आहे! यात चित्रकारांना दोष देण्याचे प्रयोजन नाही. मशे यांची रेषा स्वतंत्र प्रतिभेची आहे, आणि प्रश्न तिच्या वाचकांचा आहे.

रूपवादी आक्षेप घेतील की चित्राला संदर्भाची सक्ती कशासाठी? रूपाची स्वायत्तता मान्य केली तरी ‘आदिम’ हे विशेषण रूपातून निष्पन्न होत नाही. ते बाहेरूनच लादले जाते. तसे असेल तर एका संदर्भाला कला आणि दुसऱ्याला प्रचार म्हणण्याचा निकष कोणता?

आणखी एक बाब अधिक गंभीर आहे. अण्णा भाऊ पाहुणे म्हणून गेले आणि यजमानाविषयी लिहिले. पाहण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. प्रचारी ठरविलेल्या संस्थेने दलित लेखकाला हे स्थान दिले. कलादालनांच्या मैत्रीत वारली माणसाकडे पाहिले जाते. त्याने पॅरिस किंवा तोकामाची कशी पाहिली, हे विचारण्याची गरज समीक्षेला सहसा भासत नाही. आगगाडी, विमान, शहरातील इमारती वारली चित्रांत येऊ लागल्या, तेव्हा रसिकांनी त्यांना परंपरेतील भेसळ ठरविले किंवा गंमत म्हणून सोडून दिले. त्या चित्रांत वारली प्रवासवर्णन शोधण्याचे काम, आणि त्यासाठी वारली बोली शिकण्याचे काम, मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी अंगावर घ्यायला हवे. तिचे बोलणारे तलासरीत आणि आशागडच्या पाड्यांवर आहेत.