दारू आणि शिकाऊ हात

वर्धा जिल्ह्यांत कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे. तरी हातभट्टी व चोरून येणारी बाटली बंद झालेली नाहीं, हें येथील बायाबापड्यांस कोणी सांगावयास नको. दारूनें घर बुडतें, हें जोतीराव फुल्यांनीं १८८० सालीं पुण्याच्या म्युनिसिपालिटीपुढें दारूच्या दुकानांविरुद्ध गाऱ्हाणें मांडलें तेव्हांपासून आपण ऐकत आलों. आज आम्हांस निराळेंच नुकसान दाखवावयाचें आहे. तें हिशेबाच्या वहींत चढत नाहीं.

ज्यास जमीन नाहीं अशा सुतार, लोहार, कोष्ट्याच्या पोराची मिळकत म्हणजे त्याचा हात. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याची योजना निघाली, ती हातही शिकतो हें ओळखूनच. चरख्यावर एक हात चाक फिरवितो, दुसरा पेळूंतून सूत ओढतो; पहिल्या दिवशीं सूत घडोघडी तुटतें, पुढें बोलतां बोलतां निघतें. हा मेळ डोक्याच्या मागील बाजूस असलेला लहान मेंदू बसवितो, आणि दारूचा घाला त्याच्यावर होतो. प्यालेला मनुष्य झोकांड्या खातो तो त्यामुळेंच. हात कोठें चुकला हेंच ज्यास उमगत नाहीं, तो सुधारणार काय?

"कामावर पीत नाहीं, दिवस मावळल्यावर दोन घोट घेतों," असें कांहीं जण म्हणतात. पण दिवसा शिकलेलें काम रात्रीं झोपेंत पक्कें होत असतें. दारूनें झोंप लौकर लागते खरी, परंतु उत्तररात्रीं ती मोडते. दिवसाची मेहनत कच्ची राहते.

"आमचा मिस्त्री तर पिऊनही रंधा सरळ मारतो!" हा दाखला पोरें मोठ्या ऐटींत देतात. अरे बाबांनो, त्याचें कसब शुद्धीवर असतांना वर्षानुवर्षें घोटलेलें आहे. तें एका बाटलींत जात नाहीं. त्याच्यापुढें विजेवर चालणारें नवें यंत्र ठेवा, आणि मग त्याचा हात पाहा. शिवाय उपाशीपोटीं वर्षें पिणाऱ्याच्या अंगांत ब-१ जीवनसत्त्व कमी पडतें, लहान मेंदू झिजतो, आणि जुनें कसबही ढळूं लागतें. मात्र रोज भरपूर पिणाऱ्यानें ती एकाएकीं टाकूं नये. झटके येऊन जिवावर बेततें. दवाखान्यांत दाखवून सोडावी.

पोर मिस्त्रीच्या हवालीं करतांना आईबाप मजुरी विचारतात, जेवण विचारतात. आणखी एक विचारावें: आमच्या पोरास बाटली आणावयास धाडणार कां?