कँटीनचा करार आणि मुलांची बाटली

शाळेच्या आवारात शीतपेये आणि वेफर्सची यंत्रे असावीत का, हा वाद महाराष्ट्रात कागदावर केव्हाच संपला आहे. २०१७ साली राज्याने शासन निर्णय काढून चरबी, मीठ आणि साखर जास्त असलेल्या पदार्थांना शाळेच्या कँटीनमध्ये मनाई केली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या विनियमांनी ती देशभर लागू झाली आणि फाटकाबाहेरचे ५० मीटरही तिच्या कक्षेत आले. तरीही मधल्या सुट्टीत रंगीत बाटल्या दिसतातच. त्याचे कारण मुख्याध्यापकांनी आधी आपल्याच दप्तरात शोधावे. कंत्राट सर्वांत जास्त भाडे देणाऱ्याला जाते, आणि ते भाडे उपम्याच्या बशीतून निघत नाही. उपमा पहाटे उठून करावा लागतो, उरला तर फेकावा लागतो, बश्या विसळायला माणूस लागतो. बाटली महिनोन्‌महिने टिकते आणि यंत्राला तर वाढपीही नको. भाडे वाढवून मागितले, की मुलांनी काय खायचे तेही तिथेच ठरते.

‘बाहेर टपरीवर मिळतेच, मग आत बंदी कशाला?’ हा आक्षेप फुसका नाही. अमेरिकेतील ४० राज्यांतल्या पाचवी आणि आठवीच्या मुलांचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्या गोड पेयांवर बंदी असलेल्या राज्यांत शाळेतली खरेदी घटली, पण मुलांचे एकूण सेवन घटले नाही. शाळेने आपल्या निर्णयाकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. मात्र बाहेरच्या विक्रीमुळे शाळेला स्वतः विकण्याचा परवाना मिळत नाही. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या अधिक कामाची आहे. जिथे फक्त सोडा बंद झाला, तिथे गोड पेयांची शाळेतली खरेदीही हलली नाही. कोला काढून ‘फळांचे पेय’ ठेवणाऱ्या कँटीनचालकाला हे दाखवावे. (साखरेत न्हालेले कोकम सरबतही यातून सुटत नाही.)

उरतो पैशांचा प्रश्न, आणि विनाअनुदानित शाळेसाठी तो खरा आहे. पण ही रक्कम शेवटी मुलांच्या खिशातूनच येते. ती उघडपणे शुल्कात मागणे अवघड असले तरी सरळ आहे. फ्रान्सने सप्टेंबर २००५पासून शाळांतली अशी यंत्रे कायद्याने बंद केली. आपल्याकडे नव्या कायद्याची गरज नाही. जूनच्या आधी करार नव्याने होतो तेव्हा भाडे कमी धरावे, पदार्थांची यादी करारालाच जोडावी, यादीबाहेरची विक्री झाल्यास अनामत जप्त करण्याचे कलम घालावे. आणि सही करण्यापूर्वी पिण्याच्या पाण्याचे नळ एकदा स्वतः उघडून पाहावेत.