पोटावरच्या सहा वड्या

रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र रजबच्या अखेरीस आमच्या हाती आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. गेले तीन महिने तो इशाच्या नमाजनंतर दार लावून दोनशे सिट-अप्स काढतो. भात सोडला आहे, अंड्याचा पिवळा बलक ताटाबाहेर काढून ठेवतो आणि आरशासमोर सदरा वर करून पोट चाचपतो. हातपाय काडीसारखे झाले, पोट मात्र होते तिथेच. मागच्या आठवड्यात त्याच्या बॅगेत ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्यांचा काळा डबा सापडला. त्या घेऊ लागल्यापासून त्याला रात्री झोप नाही. एकदा छातीत धडधडते म्हणून फजरच्या आधी आईला उठवायला आला आणि वर म्हणाला, “अम्मी, अब्बांना सांगू नकोस.”

अब्बा कुवेतहून कायमचे परत आलेले. मधुमेह आहे. त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने झाले भरत नाही, हे त्या भगिनीने पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे.

तिचे प्रश्न चार आहेत. इतका व्यायाम करून पोटाचीच चरबी का जात नाही? गोळ्या घेऊ द्याव्यात का? रमजानात रोजे ठेवून व्यायाम करावा का? आणि अंड्याचा बलक खरेच वाईट असतो का? अशी मुले आज घरोघरी आहेत, म्हणून हा महिना आम्ही या एकाच पत्राला देत आहोत.

आधी गोळ्यांचे, कारण ते थांबू शकत नाही. गोळ्या आजच बंद करा, डबा मात्र फेकू नका. मुलाला डॉक्टरांकडे न्याल तेव्हा तो सोबत न्या आणि ईसीजी काढून घ्या. अशा डब्यांत बहुधा कॅफिनचा मोठा डोस असतो, त्यानेच झोप उडते आणि छाती धडधडते. पण डब्यावर छापले आहे तेच आत असते, असा भरवसा नाही. ‘सिब्युट्रामिन’ नावाचे भूक मारणारे औषध हृदयाला घातक म्हणून आपल्या देशात 2011 साली बंद झाले, तरी वजन उतरवणाऱ्या ‘आयुर्वेदिक’ आणि ‘हर्बल’ मालात ते गुपचूप मिसळलेले जगभर सापडत आले आहे. त्याहून वाईट म्हणजे डीएनपी हे रसायन. ते चरबी खरोखरच जाळते, पण त्याबरोबर माणसाचे अंग आतून इतके तापवते की जीव जातो. अमेरिकेने ते 1938 सालीच माणसाच्या पोटात जाण्यास अयोग्य ठरवले, आणि तरी चोरून विकत घेऊन ते खाणारी तरुण मुले आजही मरतात. कॅप्सूल असेल तर आणखी एक गोष्ट. तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि ते कोणत्या जनावराचे, हे डब्यावर क्वचितच लिहिलेले असते. बाहेर खाताना मटण हलाल आहे का म्हणून दहादा विचारणारी आपली मुले ही कॅप्सूल न विचारता गिळतात, याचे आम्हाला नवल वाटते.

आता पोटाकडे येऊ. ज्याला मुले सिक्स पॅक म्हणतात तो काही व्यायामाने नव्याने उगवणारा अवयव नव्हे. छातीच्या फासळ्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत एक लांब पट्ट्यासारखा स्नायू प्रत्येकाला असतो, तुमच्या मुलाला आहे तसा दादीलाही आहे. त्यावर उभी एक आणि आडव्या बहुधा तीन पांढऱ्या दोऱ्यांसारख्या पट्ट्या असतात, त्यामुळे त्याच्या वड्या पाडल्यासारख्या दिसतात. कोणाच्या चार दिसतात, कोणाच्या सहा, कोणाच्या आठ. किती दिसाव्यात, समोरासमोर असाव्यात की वरखाली, हे जन्मतःच ठरलेले असते. चारवाल्याने कितीही घाम गाळला तरी सहा होत नाहीत. या स्नायूवर कातडीखाली चरबीची गादी असते. ती पातळ झाली की वड्या दिसतात, नाहीतर नाही.

मग सिट-अप्सने ती गादी का पातळ होत नाही? शरीर चरबी खर्च करते ती रक्तातून, सगळ्या साठ्यांतून थोडी थोडी उचलून. काम करणारा स्नायू शेजारच्या चरबीतूनच घेतो असे नाही. 1971 साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले. वर्षानुवर्षे एकाच हाताने खेळल्यामुळे त्या हाताचा स्नायू जाड झाला होता, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांची सारखीच भरली. 2011 साली आणखी एका प्रयोगात 24 जणांपैकी काहींकडून सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, निव्वळ पोटाचे व्यायाम करवून घेतले. पोटाचा स्नायू चिवट झाला, पण कंबर आणि पोटाची चरबी होती तेवढीच राहिली. तुमच्या मुलाने तीन महिने बंद दाराआड हाच प्रयोग केला आहे.

घामाचेही तसेच. पोटाला प्लास्टिक गुंडाळून धावणारे दिसतात, त्यांचे पाणी जाते आणि दोन ग्लास पाण्यात परत येते. जळलेली चरबी शरीराबाहेर जाते ती बहुतांशी श्वासावाटे. दहा किलो चरबी गेली तर त्यातले सुमारे 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडाने बाहेर पडते, उरलेले पाणी होते. 2014 साली हा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा कित्येक डॉक्टरांनाही तो नवा होता.

हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हे वर्णन वाचताना आम्हाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आठवले. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो छापून आला. उंची आणि वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिक यांनी स्वतःच्या व्यायामाबद्दल थट्टेने लिहिले की रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठतो तेवढेच आमचे धावणे. पण सगळे कारण आळसाचे नव्हते. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5. आपल्या बाळात स्नायू फारच कमी असतो, चरबी मात्र त्या मानाने टिकून राहते. म्हणजे बारीक दिसणारे पण आतून चरबीचे असे हे शरीर आपण आईच्या पोटातूनच घेऊन येतो.

म्हणूनच आपल्याकडे वजनाच्या काट्यापेक्षा कंबरेचा फीत-पट्टा जास्त खरे बोलतो. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80, याच्या पुढे गेली की सावध व्हायचे. मोजायचे उभे राहून, सर्वांत खालची फासळी आणि कुल्ल्याच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढून नव्हे, विजारीचा नंबर वाचूनही नव्हे. आमच्या घरी हा पट्टा फिरला तेव्हा सर्वांत मोठा आकडा हे सदर लिहिणाऱ्याचाच निघाला, 98.

भगिनी, तुमच्या पत्रातले सर्वांत निकडीचे वाक्य अंगठ्याच्या जखमेचे आहे. मधुमेही माणसाची पायाची जखम दोन महिने न भरणे ही घरी हळद लावून वाट पाहण्याची गोष्ट नाही. पायाची संवेदना आणि रक्तपुरवठा दोन्ही तपासावे लागतात, आणि उशीर झाला तर बोट किंवा पाऊलही काढावे लागते. मुलाला नेण्याच्या दिवशीच अब्बांना न्या. रोज्याविषयीही त्याच डॉक्टरांना आताच विचारून घ्या. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची किंवा फिदियाची सवलत कुरआननेच दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. आणि मुलाच्या पोटाची काळजी खरी कशासाठी करायची, तर आतड्यांभोवती साठणारी चरबी मधुमेहाची वाट मोकळी करते म्हणून. बाप मधुमेही असेल तर मुलाला धोका अधिक. मुलाला हे अब्बांच्या समोरच सांगा. लपवाछपवी संपेल.

आता करायचे काय? एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. हा हिशेब मुलाच्या ताटापेक्षा घराच्या चुलीवर मांडावा. पाच माणसांच्या घरात महिन्याला आठ लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज 48 ग्रॅमच्या आसपास तेल जाते, म्हणजे 430च्या वर कॅलरी. तेच पाच लिटरवर आणले तर माणशी रोज 160 कॅलरी वाचतात, आणि सालनावर तवंग थोडा कमी दिसतो एवढेच. चहाचे तसेच. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा म्हणजे 40 ते 50 ग्रॅम साखर, पुन्हा 160 ते 200 कॅलरी. हे दोन्ही जमले तर साडेतीन आठवड्यांत एक किलो उतरतो, कोणाला उपाशी न ठेवता. याहून घाई केली तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खाऊ लागते. मुलाचे हातपाय त्यानेच सुकले आहेत.

भात सोडण्याची गरज नाही, अर्धा करावा. त्याचे वजन 62 किलो लिहिले आहे. व्यायाम करणाऱ्या मुलाला रोज सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुष्कळ झाली. दोन अंडी, शंभर ग्रॅम शिजलेले चिकन किंवा मासळी, एक वाटी घट्ट डाळ, एक मोठी वाटी दही आणि चार चपात्या, यात ती भरतात. पावडरचा डबा लागत नाही. व्यायाम मात्र सगळ्या अंगाचा हवा. दंड, बैठका, आंब्याच्या फांदीला लोंबकळून अंग वर ओढणे, पाण्याच्या बादल्या दोन्ही हातांत घेऊन चालणे, आठवड्यातून तीन दिवस. इतर दिवशी पाऊण तास झपाझप चाल. पोटासाठी कोपरांवर अंग तोलून धरण्याचा प्लँक दोन मिनिटे केला तरी पुरे.

नमाज हाच व्यायाम, असे आपल्याकडे फार सांगितले जाते. आम्हाला ते पटत नाही. नमाज इबादत आहे, तिला कॅलरीत मोजू नये, आणि तिच्या नावावर चालणेही टाळू नये. मशिदीपर्यंत मोटारसायकल काढण्याऐवजी पायी जा, ती चाल मात्र खुशाल हिशेबात धरा.

बायकांच्या पोटाविषयी दोन शब्द. बाळंतपणानंतर मधली उभी पट्टी ताणली जाऊन स्नायूचे दोन भाग दूर सरकतात. उताणे झोपून मान उचलल्यावर पोटाच्या मधोमध दोनअडीच बोटांची खाच लागत असेल किंवा उंचवटा येत असेल, तर सिट-अप्सने तो वाढूही शकतो. फिजिओथेरपिस्टला दाखवा. मोहल्ल्यात चालायला जागा नाही हे आम्ही जाणतो. गच्ची, जिना, नाहीतर फजरनंतरचा मोकळा रस्ता आणि सोबतीला दोन शेजारणी. सुनेच्या फिरण्यावर सासूने नाक मुरडू नये, उलट सोबत जावे. बाईने पोटावर वड्या दिसाव्यात एवढी चरबी घटवली तर कित्येकींची पाळीच बंद पडते, तेव्हा तो नाद मुलींनी करूच नये.

रमजानात वजन आपोआप उतरते हा समज अर्धाच खरा. महिनाभरात साधारण किलोभर उतरते आणि ईदनंतरच्या काही आठवड्यांत परत येते. आमच्या दस्तरखानावर तर ते उतरतही नाही. खजुरापाठोपाठ भजी, समोसे, लाल सरबत, मग जेवण, तरावीहनंतर फिरनी! पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली, ती आपण मुलांना पाठ करवतो आणि इफ्तारला विसरतो. मुलाने या महिन्यात हलका व्यायाम करावा, तोही इफ्तारनंतर तासादीडतासाने, किंवा इफ्तारआधी नुसते चालावे. रोज्यात घाम काढू नये. सहरीला अंडी, दही, चपाती असू द्या आणि पाणी भरपूर. झोप मोडणारच, म्हणून दुपारी तासभर निजू द्या.

एवढे करून सहा वड्या दिसतील का? पुरुषाच्या अंगातली चरबी साधारण 10 ते 12 टक्क्यांवर आली की दिसतात, आणि तिथे टिकून राहणे हे पूर्ण वेळचे काम आहे. 2007 साली ‘ओम शांती ओम’ आला तेव्हापासून हे वेड गावोगावी शिरले. पण पडद्यावरची माणसे त्या चार दिवसांसाठी महिनेन्‌महिने तयारी करतात, तेच त्यांचे काम असते. मुलाची कंबर 86 आहे असे तुम्ही लिहिता. ती 80वर आली आणि दहा बैठकांऐवजी पन्नास निघू लागल्या, तर त्याने फार मोठे काम केले. वड्या दिसल्याच तर तो स्नायू नाभीखालीही जातो आणि तिथले झाकणे आपल्याकडे फर्ज आहे, हे त्याला हसत हसत सांगा.

राहिला बलक. खाऊ द्या. अंड्यातली जवळजवळ निम्मी प्रथिने त्यातच असतात, शिवाय ड आणि ब-12 जीवनसत्त्वही. निरोगी मुलाला रोज दोन अंडी बलकासकट चालतात. तीन महिने त्याने काढून ठेवलेले बलक घरात कोणी खाल्ले हे पत्रात नाही. ते अब्बांच्या ताटात गेले असतील, तर डॉक्टरांना तेवढे सांगा आणि त्यांचे कोलेस्टेरॉलही तपासून घ्या.